आधी तारीख, मग भाव

हे आवाहन हावडा-कोलकात्यातल्या मराठी घरांना आहे. खानापूर-आटपाडीकडून सोनं गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात इकडे आलेली कुटुंबं, नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत येऊन सांतरागाछी-लिलुआत राहिलेली माणसं, बँकेच्या बदलीवर तीन वर्षांसाठी आलेले आणि इथेच रमलेले, सगळ्यांनाच. बाजार हलला की या घरांतून एकच प्रश्न निघतो: विकू की थांबू? गावाकडून भावाचा फोन येतो, त्यातही तोच.

या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडण्याच्या आधीपासून ते टीव्हीवर कोट घालून बसलेले असतात. मला विचाराल तर मी उलट विचारेन: तो पैसा तुम्हाला कोणत्या तारखेला लागणार आहे?

बहुतेकांना हे सांगता येत नाही. ‘तसा आत्ता काही लागत नाही,’ असं म्हणतात. जरा खोदलं की कळतं, पुढच्या फाल्गुनात मुलीचं लग्न आहे, किंवा विट्याच्या घरावर मजला चढवायचा आहे, किंवा दोन वर्षांनी निवृत्ती आहे आणि डोक्यावर क्वार्टर नसेल. म्हणजे लागतो आहे. त्याची तारीख तेवढी कुणी लिहून ठेवलेली नाही.

तारीख का महत्त्वाची, ते आकड्यांवरून बघा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त पडून २५,९८१ वर आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत तो ४२ हजारांच्या आसपास होता. लोकांनी घाबरून विकलं. नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स पुन्हा जानेवारीच्या पातळीवर होता. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, तो ४,३९० अंकांनी पडला आणि तीन दिवसांत पडझड भरून निघून नव्या उच्चांकावर गेला. ७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्याने २,२२७ अंक गेले, आणि मे महिन्यात बाजार त्याच्याही बराच वर होता.

एवढं वाचून ‘मग काय, थांबायचं, येतंच परत’ असं वाटेल. तसं वाटू देऊ नका. १९९२ च्या एप्रिलमध्ये, हर्षद मेहता या दलालाने उठवलेल्या तेजीत, सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत गेला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. मधल्या काळात तो त्या शिखरावरून वर गेला नाही असं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ५,९०० च्या पुढे गेला आणि तिथून पुन्हा कोसळला. पण ज्याला नेमका २००३ मध्ये पैसा हवा होता, त्याला अकरा वर्षं धीर धरूनही मुद्दल मिळालं नाही. आणि ज्याला तो २००८ च्या जानेवारीच्या सुरुवातीला हवा होता, त्याला सेन्सेक्स वीस हजारांच्या वर मिळाला. बाजार दोघांना एकच. दोघांत फरक तारखेचा.

‘दीर्घ मुदतीत शेअर बाजार वाढतोच’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. घसरण आठ महिन्यांची आहे की अकरा वर्षांची, हे पडझडीच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. तेव्हा दोन्ही सारख्याच भयंकर वाटतात. त्यामुळे निर्णय पडझडीच्या दिवशी घ्यायचाच नसतो. तो आधी, डोकं शांत असताना, कॅलेंडर समोर ठेवून घ्यायचा.

माझा हिशेब सरळ आहे, कुणाला फार भित्रा वाटेल. पाच वर्षांच्या आत लागणारा एकही नवा रुपया शेअर बाजारात नको. म्युच्युअल फंडाच्या वाटेनेही नको. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, हात घातला की मिळेल असा. लग्नाचा, फीचा, घराच्या हप्त्याचा पैसा मुदत ठेवीत किंवा पोस्टात. जो पैसा सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागणार नाही असं तुम्ही घरच्यांसमोर छातीठोक सांगू शकता, तो शेअरमध्ये, आणि तोही एकदम न टाकता दर महिन्याला. १९९२ ते २००३ या वैराण वर्षांत ज्याने दरमहा थोडं थोडं निर्देशांकाच्या भावाने घेतलं असतं, त्याची सरासरी खरेदी चार हजारांच्या आत पडली असती. शिखरावर एकदम घेणाऱ्याची जी अकरा वर्षं वाया गेली, ती याला स्वस्तात घ्यायला मिळाली.

तारीख जवळ येऊ लागली की पैसा बाजारातून बाहेर काढायला लागा. लग्न तीन वर्षांवर आलं की एक तुकडा, दोन वर्षांवर आलं की आणखी एक. बाजार तेव्हा तेजीत असेल तर हे करताना जीव खालीवर होतो, शेजारी वेड्यात काढतात. तरी काढा. कराचंही भान ठेवा: जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर वीस टक्के, वर्षानंतर विकलेल्यांवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के. घाबरून विकणं कराच्या दृष्टीनेही महाग पडू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात बरेच जण फसतात. मी सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाबद्दल बोलतो आहे, एखाद्या कंपनीबद्दल नाही. निर्देशांकातून आजारी कंपनी काढून टाकतात आणि निरोगी घेतात, म्हणून तो परत उठतो. कंपनीला असं कुणी बदलून देत नाही. हावड्याहून बंडेलकडे जाणारी लोकल पकडा. बालीच्या पुढे उत्तरपाडा आणि मग एक स्टेशन लागतं, त्याचं नावच हिंद मोटर. हिंदुस्तान मोटर्सच्या ज्या कारखान्यात अँबॅसडर बनायची, त्याच्यावरून पडलेलं. १९८६ मध्ये सेन्सेक्स पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातल्या तीस कंपन्यांत हिंदुस्तान मोटर्स होती. आपल्या कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. सेन्सेक्स तेव्हा चोवीस हजारांच्या पुढे होता. ‘एवढी मोठी कंपनी आहे, परत चढेलच’ म्हणत दर घसरणीला आणखी शेअर घेत बसणाऱ्याने स्टेशनावरची ती पाटी वाचावी.

पडलेला शेअर म्हणजे स्वस्त शेअर, हा भ्रम भल्याभल्यांना भोवला आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, त्या महामंडळाने हरिदास मुंदडा या कोलकात्याच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली. कोलकात्याचा बाजार सावरायला हवा होता, असं नंतर समर्थन केलं गेलं. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण उघड केलं, न्यायमूर्ती छगलांनी खुली चौकशी केली, अर्थमंत्री कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. विमेदारांचा पैसा हाताळणाऱ्या संस्थेची ही गत, तर आपण कुणाच्या शेअरला आधार द्यायला निघालो? कोसळणारा भाव आपल्या पाच हजारांनी थांबत नाही.

आता मला ज्याची खरी भीती वाटते तिकडे येतो. बाजार पडतो तेव्हा भाव पडतो. शेअर तुमच्या नावावरच असतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पैसाच पळतो. आणि बाजाराला भिऊन पळालेली माणसंच बहुधा या दुसऱ्या प्रकाराच्या तावडीत सापडतात.

एप्रिल २०१३ आठवा. कोलकात्याने त्या एका महिन्यात तीन गोष्टी पाहिल्या. शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने कलकत्ता स्टॉक एक्सचेंजमधले व्यवहार थांबवले, कारण नियमांची पूर्तता होत नव्हती. जगभर सोनं कोसळलं. १५ एप्रिलला एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त पडलं, तीस वर्षांत एका दिवसात एवढी पडझड झाली नव्हती. आणि घरोघरून ठेवी गोळा करणारा शारदा समूह बुडाला. त्याचा प्रवर्तक सुदीप्त सेन पळून गेला होता. २३ एप्रिलला काश्मीरमध्ये सोनमर्गला सापडला.

तिन्हींत कुणाचं काय झालं? एक्सचेंजचे व्यवहार थांबले तरी ज्यांच्याकडे डीमॅटमध्ये शेअर होते त्यांचे शेअर गेले नाहीत. मुंबईच्या बाजारांतही नोंद असलेले शेअर तिथे विकता येत होते. सोनं ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे सोनं राहिलंच, फक्त भाव उतरला. ज्यांनी ‘बाजाराची भानगड नको, सोन्याचाही भरवसा नाही, इथे कसं ठरलेलं मिळतं’ म्हणून शारदाच्या एजंटाकडे पैसे दिले होते, त्यांच्याकडे उरली पावती. हावडा, हुगळी, दक्षिण चोवीस परगणा, सगळीकडे ही माणसं होती: भाजीवाल्या, रिक्षावाले, निवृत्त मास्तर. न्यायमूर्ती श्यामल सेन आयोगापुढे लाखो अर्ज आले. राज्य सरकारने पाचशे कोटींचा निधी जाहीर केला आणि त्यासाठी तंबाखूवर जादा कर लावला. पैसे थोडे परत मिळाले, पुष्कळांना मिळालेच नाहीत.

शारदाचा एजंट बाहेरचा नव्हता, हे विसरू नका. तो पाड्यातला मुलगा होता, काकीमा म्हणून हाक मारणारा, दुर्गापूजेच्या वर्गणीला येणारा. त्याला कमिशन भरपूर होतं आणि बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा विश्वासही होता. त्याच्या आईचे पैसेही त्यातच होते. ‘माणूस ओळखीचा आहे’ ही चौकशी पुरेशी वाटते तिथेच घात होतो. माणूस चांगला असतो. त्याच्यामागे कोण आहे आणि पैसा कुठे जातो, हे त्यालाही माहीत नसतं.

आणि हे शारदापासून सुरू झालेलं नाही. १९७५ मध्ये याच शहरात संचयिता इन्व्हेस्टमेंट्स नावाची भागीदारी संस्था निघाली. पावतीवर बारा टक्के व्याज लिहिलेलं असे, प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस टक्के मिळायचं, पुढे छत्तीस. वर्षानुवर्षं मिळालं. डिसेंबर १९८० मध्ये छापे पडले. गंमत अशी की ज्या १९७८ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला, त्यात हा प्रकार बसतच नव्हता, म्हणून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. निकाल देणारे सरन्यायाधीश आपले यशवंत विष्णू चंद्रचूड. ठेवीदारांची काळजी त्यांना नव्हती असं नाही, पण कायदा जसा लिहिलेला होता तसाच वाचावा लागतो. सामान्य माणसाने यातून घ्यायचं ते हे की फसवणूक उघड झाल्यावर कायदा तुमच्या बाजूने धावत येईलच असं धरू नका. आता २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा आहे, तो जास्त कडक आहे. तरी पैसा एकदा गेला की कायद्याचं काम उरल्यासुरल्यातून वाटण्याचं.

संचयिताच्या ठेवीदारांना तारखेला व्याज मिळत होतं, आणि हाच त्यांचा पुरावा होता. आजच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम गटांतही हेच चालतं. गटात दोनशे माणसं ‘सर, आज अकरा हजार सुटले’ म्हणून आभार मानत असतात, त्यातली किती खरी असतात कुणास ठाऊक. एक ॲप उतरवायला सांगतात. त्यात तुमचे दहा हजार आठवड्यात सोळा हजार झालेले दिसतात. तुम्ही हुशारीने तीन हजार काढून बघता आणि ते येतात. मग तुम्ही तीन लाख घालता. पहिले तीन हजार वेळेवर आले म्हणजे सगळं खरं असं मानू नका. ते तीन हजार हा त्यांचा जाहिरातखर्च आहे. ‘काढण्याआधी कर भरा’ असा निरोप आला की समजा, सगळं गेलं. त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन लावा, बँकेला कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे कुठल्या तरी खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फारशी उरत नाही. लाज वाटून गप्प बसणाऱ्यांचंच नुकसान मोठं होतं.

सल्लागार किंवा ब्रोकर खरा आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून दोन मिनिटांत कळतं. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने ‘सेबी चेक’ नावाची सोयही दिली आहे. ज्या यूपीआय पत्त्यावर पैसे पाठवायचे आहेत तो नोंदणीकृत संस्थेचाच आहे का, हे त्यात तपासता येतं. ठेवी घेणाऱ्यांची चौकशी करायला रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ हे संकेतस्थळ आहे. हे तुम्हाला जमत नसेल तर घरातल्या पोराला बसवा. पण तपासल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, मग पाठवायला सांगणारा साडू असो नाहीतर सासरा.

उसन्या पैशाच्या खेळाबद्दल बोलायचं तर नदी ओलांडून जावं लागेल. हावड्याहून फेअरलीची लाँच घ्या किंवा आता गंगेखालून जाणारी मेट्रो. महाकरण स्टेशनला उतरलं की रायटर्स बिल्डिंगच्या मागे लायन्स रेंज. कलकत्ता स्टॉक एक्सचेंजची स्थापना १९०८ ची. त्याआधी दलाल कडुलिंबाच्या झाडाखाली जमायचे. आपल्या गंगाकाठच्या चटकलांचे, म्हणजे तागाच्या गिरण्यांचे, शेअर तिथेच उलटेपालटे व्हायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस उलाढालीत मुंबईशी बरोबरी सांगणारं हे एक्सचेंज २००१ च्या मार्चमध्ये खिळखिळं झालं.

झालं ते असं. केतन पारेख या मुंबईच्या दलालाच्या आवडत्या शेअरांवर, हिमाचल फ्युच्युरिस्टिक, डीएसक्यू सॉफ्टवेअर, ग्लोबल टेलिसिस्टिम्स वगैरेंवर, कोलकात्यातल्या काही दलालांनी आपल्या कुवतीच्या कितीतरी पट सौदे उभे केले होते. सौद्याचा पैसा स्वतःचा नव्हता. बदल्यावर, म्हणजे व्याज देऊन सौदा पुढे ढकलत, उचललेला होता, आणि इथे तर अधिकृत चौकटीबाहेरचा बदलाही जोरात चालायचा. ज्यांना शेअरमध्ये रस नव्हता अशी घरंही ‘व्याज चांगलं मिळतं’ म्हणून त्यात पैसे लावायची. २८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाला बाजार उसळला आणि मार्च उजाडताच कोसळायला लागला. भाव खाली गेले तसं मार्जिन मागितलं गेलं, ते द्यायला पैसा नव्हता, म्हणून शेअर विकायला काढले, त्याने भाव आणखी खाली गेले. लागोपाठच्या तीन सेटलमेंटमध्ये दलालांना पैसे भरता आले नाहीत. ३० मार्चला केतन पारेखला अटक झाली. संसदेची संयुक्त समिती बसली, तिने डिसेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. एक्सचेंज त्यातून पुन्हा उभं राहिलं नाही. २०१३ मध्ये व्यवहार थांबले, आणि एप्रिल २०२५ मध्ये भागधारकांनी परवाना सोडून बाहेर पडण्याचा ठराव केला.

हा इतिहास उगाळण्याचं कारण एवढंच की स्वतःच्या पैशाने घेतलेला शेअर पडला तर तुम्ही थांबू शकता. उसन्या पैशाने घेतला असेल तर थांबायचं की नाही हे दुसराच ठरवतो. तारीख तुमच्या हातात राहत नाही. ज्याने मी वर सांगितलेला सगळा हिशेब नीट केला आणि मग ब्रोकरच्या मार्जिनवर, नाहीतर क्रेडिट कार्डावर, नाहीतर बायकोचे दागिने ठेवून खरेदी केली, त्याने तो हिशेब फाडून टाकला असं समजा.

बदला जुलै २००१ मध्ये बंद झाला. त्याच्या महिनाभर आधी निर्देशांकावरचे ऑप्शन सुरू झाले होते. आज तोच नाद मोबाईलवर आला आहे. दासनगरच्या कारखान्यात पाळी संपवून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा साप्ताहिक ऑप्शनचे भाव बघत बसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन खेळणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी त्र्याण्णव टक्के तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास तोटा, आणि खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे एक टक्का. पुढच्या वर्षीही तोट्यातले एक्याण्णव टक्के निघाले. हा आकडा दाखवला की प्रत्येक जण मनात स्वतःला उरलेल्या सातांत बसवतो. तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या ब्रोकरच्या ॲपवरून वर्षाचं नफा-तोट्याचं पत्रक काढायला लावा, दलाली आणि करासकट. बहुतेक पोरांनी ते कधी काढलेलंच नसतं.

गलाईवाल्या घरांना वेगळं सांगायचं आहे. सोनं गाळणं हा तुमचा धंदा, दुकान बडाबाजारात असो की डोमजूरकडच्या कारागिरांच्या वस्तीत. तुमची मिळकत सोन्यावर, तुमचं भांडवल सोन्यात, आणि बचत करायची म्हटली की पुन्हा सोनंच. भाव चढला की दागिन्यांच्या ऑर्डरी आटतात हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे ज्या दिवशी तिजोरीतलं सोनं महाग होतं त्या दिवशी काम कमी असतं, इथपर्यंत ठीक. पण सोनं पडतही असतं, आणि पडलं की वर्षानुवर्षं पडून राहतं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये डॉलरमध्ये जो भाव होता तो पुन्हा दिसायला २०२० उजाडावं लागलं. रुपया घसरत गेल्यामुळे आपल्याला त्याची धग कमी लागली, एवढंच. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडल्यापासून तर सोन्याबद्दल कुणी शंका काढायचीच सोय उरली नाही. तरी सांगतो: धंदा ज्याचा, त्याच मालात सगळी बचत ठेवू नका. पोरांच्या शिक्षणाचा पैसा पोस्टात आणि फंडात असू दे. धंद्याची वर्षं वाईट गेली तरी त्याला हात लागायचा नाही. हाच न्याय नोकरदारांनाही, ज्या कंपनीतून पगार येतो तिचेच शेअर घेऊन बसणाऱ्यांना.

रेल्वेतून निवृत्त होणाऱ्यांकडे ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम एकदम येते, आणि त्याच महिन्यात घरी माणसांची वर्दळ वाढते. त्या रकमेला तीन महिने हात लावू नका. बँकेत पडू द्या, आळशी दिसली तरी चालेल. मग ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. तिची मर्यादा २०२३ पासून तीस लाख आहे आणि व्याज तिमाहीला खात्यात येतं. बँकेतल्या ठेवींना विमा पाच लाखांपर्यंतच आहे, दर बँकेत दर ठेवीदाराला, व्याज धरून. म्हणून सगळं एका बँकेत नको, आणि अर्धा टक्का जास्त देणाऱ्या छोट्या सहकारी बँकेत तर मुळीच सगळं नको. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये निर्बंध आले तेव्हा आपल्यातल्या किती घरांचे पैसे अडकले ते आठवत असेल.

उरला कागदपत्रांचा भाग, त्यात मी रेंगाळत नाही. तुमच्या नावावर काय काय आहे याचं एकत्रित विवरण डिपॉझिटरीकडून ईमेलवर येतं. ब्रोकरच्या ॲपवर दिसणारे शेअर त्यात आहेत का ते ताडून बघा. कार्वी ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं; असला प्रकार या विवरणावरून लक्षात येऊ शकतो. जुन्या घरांच्या ट्रंकांत वडिलांच्या वेळचे कागदी शेअर असतील तर ते रद्दी समजू नका. कंपनी चालू असेल, आणि सात वर्षं लाभांश न घेतल्यामुळे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेले असतील, तर तिथून ते मागता येतात. कागद खूप लागतात, पण मिळतात.

आणि एका फुलस्केप कागदावर सगळं लिहा: खातं कुठे, फोलिओ कोणता, वारस म्हणून कुणाचं नाव, आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या वर्षी, कशासाठी लागणार. बायकोला किंवा नवऱ्याला समोर बसवून लिहा. या कामात दोघांपैकी एक जण नेहमी अंधारात असतो. एक प्रत घरी, एक गावी विश्वासाच्या माणसाकडे. ज्या रकमेपुढे वर्ष लिहिता येत नाही, ती आधी बँकेत ठेवा आणि वर्ष सापडलं की मग हलवा.